आंधळ्या कुत्र्याला घर शोधताना

आंधळा कुत्रा म्हटलं की माणूस आधी स्वतःचे डोळे मिटून पाहतो. दोन पावलांत धडपडला, की त्याला वाटतं, या बिचाऱ्याचं कसं होणार? ‘त्याला कायमचं झोपवलेलं बरं’ हा सल्ला बहुतेक वेळा इथूनच येतो.

कुत्र्याचं जग मात्र मुळात नाकाने उभं राहतं. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे आणि कान दोन्ही बंद असतात. सुमारे दोन आठवडे ते वासावर आणि उबेवर आईला शोधतं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख, तर कुत्र्याच्या नाकात 20 ते 30 कोटी असाव्यात, असा अंदाज आहे. माणसापेक्षा दुपटीहून उंच आवाज त्याला ऐकू येतात. म्हणूनच दृष्टी हळूहळू गेली, तर घरच्यांना कित्येक महिने पत्ता लागत नाही. सोफा जागचा हलतो, कुत्रा त्यावर आदळतो आणि तेव्हा प्रकार उघडकीला येतो.

उलटा गैरसमजही आहे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर झाक दिसली, की तो आंधळा ठरतो. वयानुसार भिंग घट्ट झाल्याने ही झाक येते आणि तीत दृष्टी बरीचशी शाबूत असते. मोतीबिंदू वेगळा, काही कुत्र्यांमध्ये तो शस्त्रक्रियेने काढताही येतो. तेव्हा दत्तकाच्या जाहिरातीत ‘आंधळा’ लिहिण्याआधी पशुवैद्याने डोळे तपासलेले हवेत.

डोळे काढून टाकलेला कुत्रा पाहून तर लोक मागेच सरतात. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो, डोळा सतत ठणकतो. दृष्टी गेलेली असताना असा डोळा ठेवणं म्हणजे नुसती वेदना ठेवणं. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ कुत्रे पुन्हा खेळायला लागतात, कारण दुखणं थांबलेलं असतं.

‘आंधळा कुत्रा चावतो’ ही भीती सर्रास ऐकू येते. अचानक अंगाला हात लागला, तर कुठलाही कुत्रा दचकतो. आधी नावाने हाक मारायची, मग हात लावायचा. घरातल्या लहान मुलांनाही हे शिकवता येतं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये स्मायली नावाचा गोल्डन रिट्रीव्हर जन्मतःच डोळ्यांविना होता. पिल्लांचं उत्पादन करणाऱ्या जागेतून त्याची सुटका झाली आणि पुढे तो थेरपी डॉग म्हणून आजारी, वृद्ध माणसांना धीर देत फिरला.

इंग्लंडमध्ये 2011 साली लिली आणि मॅडिसन या दोन ग्रेट डेन कुत्र्यांची गोष्ट गाजली. पापण्यांचे केस आत वाढल्याने लिलीचे डोळे काढावे लागले होते. मॅडिसन तिला वाट दाखवायची. ‘डॉग्ज ट्रस्ट’ने त्या दोघींना एकत्रच घ्यायला तयार असलेलं घर मागितलं आणि ते मिळालं. गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यातून ‘आंधळ्या कुत्र्याला जोडीदार लागतोच’ असा समज पसरणं घातक, कारण मग एकट्या कुत्र्याकडे कुणी बघत नाही. काही कुत्र्यांना सोबत मानवते, कित्येक एकटेच मजेत राहतात.

आपल्याकडे गोचीड ताप, डिस्टेंपर किंवा गाडीच्या धडकेनेही दृष्टी जाते. निर्बीजीकरण केलेला भटका कुत्रा सर्वसाधारणपणे पकडला त्याच जागी परत सोडतात. आंधळ्याला वाहत्या रस्त्यावर सोडणं मात्र त्याला मारण्यासारखंच. त्याला घरच हवं.

त्यासाठी बंगला किंवा अंगण लागत नाही. एका खोलीच्या घरात तो उलट लवकर रुळतो. पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावं, पाण्याचं भांडं एकाच जागी, त्याच्यापाशी खरखरीत पायपुसणं, जिन्याला फाटक. उचलून भलतीकडे ठेवलं तर त्याची दिशा चुकते. त्याला स्वतःच्या पायांनी चालू द्यावं. फिरायला नेताना पट्टा कायम हवा, आणि ‘पायरी’, ‘थांब’ असे दोन-तीन शब्द घरातल्या सर्वांनी सारखेच वापरावेत. जपायचं ते सणांना. गणपतीत मखरासाठी सामान सरकतं, तेव्हा त्याला साखळीने धरून नवी वाट दोन-चारदा फिरवून आणावी. दिवाळीत फटाके वाजतात तेव्हा ज्या कानांवर तो विसंबतो तेच गोंधळतात. त्या रात्री खिडक्या लावून घरातलं कुणीतरी त्याच्याजवळ बसायला हवं. दत्तक देणाऱ्या संस्थेने घरी येऊन हे सगळं विचारलं, तर नव्या पालकांनी राग मानू नये.