इंजिन गप्प, नाक खाली!

अमेरिकेत 'अल्ट्रालाइट' म्हणवून घ्यायचं तर इंजिनाच्या विमानाचं रिकामं वजन साधारण 115 किलोच्या आत हवं. बुलेट मोटारसायकलही याहून जड! वर वैमानिकाला परवान्याची सक्ती नाही.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं कोसळत नाही, तरंगत उतरतं. अल्ट्रालाइटला मात्र हलकेपणाच जड जातो. उघड्या नळ्या-तारांना हवेचा अडथळा भरपूर आणि वजन कमी, त्यामुळे वेग पाहता पाहता ओसरतो. उड्डाण घेताना नाक वर असतं. ते लगेच खाली दाबलं नाही, तर पंखांची उचल तुटते. मागे धावपट्टीकडे वळण्याचा मोह तर फारच वाईट, कारण वळणात उचल टिकवायला वेग जास्त लागतो.

इंजिन गप्प का होतं? कधी टाकीत पेट्रोलच नसतं (हसू नका, असं होतं). टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल कमी पडलं, तर पिस्टन जाम होतो. सगळ्यांत फसवा तो कार्ब्युरेटरमधला बर्फ. बाहेर 20 अंश तापमान असलं तरी तो धरतो! माठातलं पाणी गार होतं, तसंच पेट्रोलची वाफ होताना हवा थंडावते. तिच्यातलं बाष्प गोठतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.