ग्राकसचा कायदा आणि माळव्याची जमीन

धार, देवास थोरली पाती आणि देवास धाकटी पाती ही पवारांची तीन राज्ये १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली. पुढे १९५१ च्या कायद्यांनी तेथील जमीनदारी व जहागिरी यांचा शेवट केला. जहागीरदारांस मोबदला देण्याचे ठरले, आणि कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जडला. १९५९ च्या मध्यप्रदेश जमीन महसूल संहितेने त्यास ‘भूमिस्वामी’ हे नाव दिले. हा वृत्तान्त वाचताना आम्हांस रोमच्या टायबेरियस ग्राकसचे स्मरण होते.

टायबेरियस ख्रिस्तपूर्व १३३ मध्ये ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनांनी निवडलेला कैवारी, होता. इटलीतील सरकारी जमीन धनिकांनी बळकावून गुलामांकरवी कसावयास घेतली होती. टायबेरियसने तिच्यावर माणशी ५०० युगेरांची, म्हणजे सुमारे ३०० एकरांची, मर्यादा घातली. पुत्रांसाठी काही अधिक सवलत ठेवली. उरलेली जमीन गरिबांत वाटावयाची होती, आणि ती त्यांना विकता येऊ नये असेही कलम होते. परगॅममच्या आत्तालस राजाने रोमला दिलेल्या खजिन्यातून नव्या शेतकऱ्यांस अवजारे पुरवावीत, असे त्याने सुचविले. (सिनेट चिडली ती जमिनीइतकीच या पैशावरून, असा आमचा तर्क आहे.) दुसऱ्यांदा निवडणुकीस उभा राहताच त्याला सुमारे ३०० अनुयायांसह ठार करण्यात आले.

तो जगता तर? जमिनीचे वाटप त्याच्यामागेही काही वर्षे चालूच राहिले. घात झाला तो पुढे. त्याचा धाकटा भाऊ गायस ख्रिस्तपूर्व १२१ मध्ये मारला गेला, त्यानंतर विक्रीची बंदी उठली आणि धनिकांनी गरिबांचे तुकडे विकत घेतले. ते एक कलम टिकते, तर भूमिहीनांस सैन्यात घेण्याची पाळी मारियसवर कदाचित आली नसती. आणि जमिनीच्या आशेने सेनापतीच्या तोंडाकडे पाहणारे सैनिक सुल्लास व सीझरला लाभले नसते.

धार जिल्ह्यात हेच कलम निराळ्या रूपाने नांदत आहे. अधिसूचित क्षेत्रातील आदिवासींची, म्हणजे तेथील भिल्ल शेतकऱ्यांची, जमीन बिगर-आदिवासीस विकता येत नाही, असे त्याच संहितेचे १६५ वे कलम सांगते. कुणी विचारील, विकण्याची मोकळीक नसलेला हा कसला स्वामी? आक्षेप खोटा नव्हे. दुष्काळाच्या वर्षी हा निर्बंध जाचतोच. परंतु रोमच्या शेतकऱ्यास ती मोकळीक मिळाली, तेव्हा त्याची जमीन घेण्यास पुढे आले ते शेजारचे धनिकच.