भुसा उडण्याआधी पकडा

वणीत घरच्या पडवीत सागवान कापायचं यंत्र बसवलं असेल, तर नुसत्या झाडूवर भिस्त ठेवू नका. जाड भुसा खाली पडतो. १० मायक्रॉनहून बारीक धूळ मात्र बराच वेळ हवेत तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. धूळ ओढणारा पाइप ४ इंची, आखूड, कमी वळणांचा असावा. आत हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर हवा. मध्ये सायक्लोन, म्हणजे हवेतून भुसा वेगळा करणारा डबा, बसवला की बहुतेक भुसा पिंपात पडतो, फिल्टर लवकर तुंबत नाही. पॉलिशपेपर मारताना एन-९५ मास्क लावाच. रुमाल म्हणजे मनाचं समाधान. आणि एमडीएफचा भुसा चुलीत घालू नका, त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त गोंद असतो.