गिऱ्हाईक शहरात आले, पण इतवाऱ्यात नाही

नांदेडच्या इतवाऱ्यातील आमचे कापडाचे दुकान वडिलांच्या वेळचे. पूर्वी खेड्यातले गिऱ्हाईक एस.टी.ने यायचे, लुगडी, धोतरे, पॉपलीन बांधून घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. आज त्याच घरची मुले नांदेडातच राहतात, पण आमची पायरी चढत नाहीत. रस्त्यावर गर्दी वाढली आणि गल्ला घटला, अशी तक्रार कित्येक व्यापारी बंधू करतात. जनगणनेचे आकडे घेऊन बसलो तेव्हा थोडा उलगडा झाला.

१९९१ मध्ये नांदेडची वस्ती सुमारे पावणेतीन लाख होती, २००१ मध्ये ती चार लाख तीस हजार झाली. पण या वाढीवर भुलू नये. मध्ये १९९७ साली नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली आणि शहराची हद्दच वाढली. गज बदलून थान मोजल्यावर कापड वाढल्यासारखे दिसते, तसेच काहीसे. २०११ मध्ये आकडा साडेपाच लाखांवर गेला, म्हणजे दहा वर्षांत शेकडा अठ्ठावीसच्या आसपास वाढ. लातूरही त्याच दशकात तीन लाखांवरून तीन लाख ऐंशी हजारांपुढे गेले.

ही माणसे राहतात कुठे? गोदावरीपलीकडे सिडको-हडकोत, इकडे तरोड्याकडे. तिथून इतवाऱ्यात यायचे म्हणजे ऑटोचे भाडे, त्यात गाडी लावायला जागा नाही. टॉवेल-चादरीसाठी कोण येणार?

लातूरची तऱ्हा निराळी. गंजगोलाईचा नकाशा फय्याजुद्दीन यांनी काढला, तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. व्यापाराचे गाव ते पहिल्यापासूनच. ऑगस्ट १९८२ मध्ये जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या, मग शिकवणीचा ‘लातूर पॅटर्न’ गाजला आणि गावोगावची मुले खोल्या घेऊन राहू लागली. हा मुलगा थानातले कापड फाडून घेत नाही. त्याला तयार पँट, बेडशीट, पांघरूण पाहिजे. शिवाय तो कायमचा गिऱ्हाईक नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात मुले गावी गेली आणि आमची लातूरची उधारी पावसाळ्यापर्यंत अडकली. वस्ती पाण्यावर उभी असते, हे मी तेव्हा वहीत लिहून ठेवले.

आणखी एक हिशोब आपल्या लोकांनी करावा. २०११ मध्ये महाराष्ट्रात शंभरातले पंचेचाळीस लोक शहरात होते. नांदेड जिल्ह्यात सत्तावीस, लातूर जिल्ह्यात पंचवीस. म्हणजे खेड्यातून येणारे अजून पुष्कळ आहेत. नांदेड शहरात तीनांत एक मुसलमान, साऱ्या जिल्ह्यात मात्र सातांत एक. आपली बरीच माणसे आधीच शहरात आली आहेत. यापुढे येतील ते बहुतेक दुसऱ्या समाजाचे असतील. नुसत्या ईदच्या हंगामावर माल भरणाऱ्याने पोळा, दिवाळी आणि लग्नसराईही धरून चालावे. त्यांच्या सुनेला कोणत्या काठाची साडी लागते, हे दुकानातल्या पोराला माहीत पाहिजे.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, नव्या मोजणीसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे. तोवर थांबायला दुकानाचे भाडे थांबत नाही. मी महिनाभर काउंटरवर वही ठेवली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला राहायला कुठे ते विचारले. तरोड्याचे नाव फार थोड्या वेळा आले, आणि जे आले ते जुन्या ओळखीचेच.

आमच्या मागच्या गल्लीतले दर्जी भाई माझ्याआधी शहाणे निघाले. त्यांनी मशीन सिडकोत नेली. तयार पँट आखूड करणे, चेन बसवणे, शाळेचे युनिफॉर्म; सबंध जोडी शिवण्यापेक्षा यात जास्त सुटते असे ते सांगतात.

धाकट्या मुलाने तरोडा नाक्याकडे एक शटर पाहिले. मालकाने आधी पगडी मागितली, ती मी साफ नाकारली. करार अकरा महिन्यांचा केला. चादरी, टॉवेल आणि युनिफॉर्मचे कापड तिकडे जाईल. साड्या आणि उधारीची वही सध्या इतवाऱ्यातच माझ्यापाशी आहे.