श्वानसहवास आणि शिंकांचा बंदोबस्त

तात्यासाहेब कोरे यांच्या कर्तृत्वाने सहकाराची वसाहत म्हणून नावारूपास आलेल्या वारणानगरच्या परिसरात, जेथे उसाच्या फडाची राखण करणारा कुत्रा घरचाच मानला जातो, तेथे त्याच्या सहवासाने कोणाचे डोळे चुरचुरू लागले आणि शिंकांचा सपाटा सुरू झाला, की सारा आरोप त्याच्या केसांवर ठेवला जातो. वस्तुतः मूळ कारण केस नसून, कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात व मूत्रात असणारी प्रथिने होत. केस हे त्यांचे केवळ वाहन. या निरुपद्रवी प्रथिनांना शत्रू समजून शरीर ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करते, आणि पुढील संपर्कात हिस्टामिन सुटून नाक वाहू लागते. ‘कॅन एफ ५’ हे प्रथिन नराच्याच पुरःस्थ ग्रंथीत निर्माण होत असल्यामुळे, केवळ त्याचीच बाधा असणाऱ्यास मादी सहसा मानवते. मात्र अमुक जात सर्वथा निर्धोक, हा विक्रेत्यांचा दावा संशोधनात टिकलेला नाही.

तेव्हा निजण्याच्या खोलीत कुत्र्यास सक्त मज्जाव करावा; आठवड्यातून दोनदा त्यास स्नान घालावे, कारण एका स्नानाचा गुण थोडेच दिवस टिकतो; केस विंचरण्याचे काम बाधा नसलेल्याने अंगणात उरकावे; आणि कोरड्या केरसुणीने सूक्ष्म कण हवेत उधळण्याऐवजी फरशी ओल्या फडक्याने पुसावी. इतके करूनही छातीत घरघर होऊन धाप लागत असेल, तर घरगुती तजविजीवर विसंबून न राहता त्वचाचाचणी करवून डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.