पंचनामा म्हणजे धोरण नव्हे

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-मुरूडकडील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ कोकणपट्टीला झोडपून गेले. वेळीच मिळालेल्या सूचनेमुळे व स्थलांतरामुळे पुष्कळ प्राण वाचले, याचे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. परंतु त्यानंतर काय? मंत्र्यांचे दौरे, पंचनामे आणि मदतीचे आकडे! पोफळ फळावर यायला पाच-सात वर्षे लागतात. अनुदान मात्र एकदाच मिळते.

वादळ निदान दिसते तरी. समुद्राचे संथ आक्रमण दिसत नाही, म्हणून त्याचा पंचनामाही होत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, असा शास्त्रज्ञांचा निर्वाळा आहे. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात या वाढीचा अर्थ शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते, आणि ती जमीन पुढे कित्येक हंगाम नापीक राहते. याच भागातील चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे संप करून खोतांशी झुंज दिली. खोतांपुढे न वाकलेल्या त्या शेतकऱ्यांच्या नातवंडांनी आता समुद्राशीही एकट्यानेच झुंजावे काय?

१९७९ साली खार जमीन विकासाचा कायदा करून शासनाने ही जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली आहे. तेव्हा प्रत्येक बांधाची व उघाडीची तपासणी पावसाळ्यापूर्वी व्हावी, तिचा अहवाल ग्रामपंचायतीत लावला जावा आणि जमीन जितकी वर्षे नापीक राहील तितकी वर्षे भरपाई मिळावी. यात उपकाराचा प्रश्न नाही. प्रश्न कर्तव्याचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक चिंतेची आहे. समुद्र पुढे सरकत असताना कायदा मागे सरकला आहे. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत असलेला बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटरवर आणण्याची वाट केंद्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने मोकळी केली. कोळ्याला किनारा सोडून जगता येत नाही, हे आम्ही जाणतो. त्याच्या घराखालची जागा त्याच्या नावावर करा, घर वादळात टिकेल असे बांधण्यास साह्य द्या. परंतु त्याच्या नावाने उघडलेल्या दारातून पर्यटननिवासांचे मालक आत येऊ नयेत, हे पाहणे शासनाचेच काम आहे. तसेच, वजनदार पुढारी असलेल्या गावापुरता दगडी बंधारा घालण्याची रीत सोडली पाहिजे. अशा बंधाऱ्याने धूप थांबत नाही, पुष्कळदा ती शेजारच्या गावाच्या माथी जाते. सबंध किनाऱ्याचा एकत्र विचार फक्त शासनच करू शकते.

समुद्राला हुकूम सोडता येत नाही, हे खरे. पण बांधाची डागडुजी, जमिनीचा हक्क आणि बांधकामाची मर्यादा या तिन्ही गोष्टी शासनाच्या हुकमतीत आहेत. त्या आज कराव्यात. पुढच्या वादळानंतर होणारा पंचनामा हा मग शासनाच्या निष्क्रियतेचाच पंचनामा ठरेल.