खेळ यंत्राला ओढतो, की यंत्र खेळाला?

मुलांच्या पडद्यावरच्या खेळांचा विषय वसंत व्याख्यानमालेत कशासाठी, असा प्रश्न जुन्या शहरातील काही वडीलधाऱ्या श्रोत्यांच्या मनात आला असेल, तर त्यात वावगे काही नाही. परंतु या खेळांमागे जो व्यापार उभा आहे, तो कापसाच्या पेठेत वाढलेल्या अकोलेकराला परका वाटू नये. पेरणीच्या दिवसांत अडत्या शेतकऱ्याला उचल देतो, ती काही केवळ दयेपोटी नव्हे. पुढे दिवाळीनंतर निघणारा कापूस आपल्याच अडतीवर उतरावा, एवढा त्यात हिशेब असतो. टीव्हीला जोडून खेळावयाचे जे यंत्र, ज्याला ‘कन्सोल’ म्हणतात, त्याचे कारखानदार पुष्कळदा हेच करतात. यंत्र अत्यल्प नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकावयाचे. २००६ साली सोनी कंपनीने आपले तिसरे प्लेस्टेशन तसेच विकले. मग पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे वसुली करावयाची. खेळ दुसऱ्याने तयार केला, तरी त्यालाही प्रत्येक प्रतीमागे यंत्रवाल्यास स्वामित्वधन द्यावे लागते.

आता यात एक पेच आहे. खेळ नाहीत म्हणून यंत्र कोणी घेत नाही, आणि यंत्रे खपली नाहीत म्हणून खेळ कोणी करीत नाही. हा पेच महाराष्ट्राने पूर्वी पाहिलेला आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, तेव्हा मूकपटांच्या थिएटरवाल्यांपुढे हाच प्रश्न होता: बोलपटाचे महागडे यंत्र बसवावे, तर दाखवावयास बोलपट किती? आणि निर्मात्याने बोलपट काढावा, तर तो दाखविणार कोण? पुढल्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला. असे दोन-चार चित्रपट निघाल्यावाचून यंत्राचा खर्च करावयास कोणाचा हात सैल झाला नसता.

एका नामांकित खेळाने यंत्र खपते, या मताला आधार आहेच. अटारी कंपनीचे घरगुती यंत्र १९७७ साली निघाले. त्याची खरी भरभराट झाली ती १९८० साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ त्यावर आल्यानंतर. याहून ठळक आकडा अमेरिकेतील मार्च २०१७ चा आहे. त्या महिन्यात निन्टेन्डोचे ‘स्विच’ हे नवे यंत्र तेथे ९ लाख ६ हजारांवर विकले गेले, आणि त्याच यंत्रासाठीच्या ‘झेल्डा’ या खेळाच्या प्रती ९ लाख २५ हजारांवर! म्हणजे गिऱ्हाइकांपेक्षा माल अधिक गेला. काहींनी एक प्रत खेळावयास व एक जपून ठेवावयास घेतली असावी, असा त्याचा उलगडा कंपनीनेच सुचविला.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मला तो निकाल घाईचा वाटतो. हाच ‘झेल्डा’ त्याच दिवशी निन्टेन्डोच्या ‘वी यू’ या जुन्या यंत्रावरही आला होता. नुसता खेळच हवा असता, तर तेथेही तो मिळत होता. लोकांना हवे होते ते घरी टीव्हीला जोडता येईल आणि प्रवासात हातात धरता येईल असे यंत्र. त्यावर खेळावयास काहीतरी उत्तम असले म्हणजे झाले.

या ‘वी यू’ची हकीकत तर फारच बोलकी आहे. २०१२ साली ते निघाले. नावावरून ते आधीच्या ‘वी’चेच एखादे जोडसामान असावे, असा पुष्कळांचा समज झाला, बाहेरचे खेळनिर्मातेही हळूहळू पाठ फिरवू लागले. २०१४ साली ‘मारिओ कार्ट ८’ हा उत्कृष्ट खेळ त्यावर आला. विक्री काही काळ वाढली, आणि पुन्हा खाली आली. अखेरपर्यंत यंत्रे खपली सुमारे १ कोटी ३५ लाख, आणि त्या खेळाच्या प्रती ८४ लाखांच्या आसपास. पुढे थोडी भर घालून तोच खेळ २०१७ साली स्विचवर आणला, तेव्हा त्याच्या ६ कोटींहून अधिक प्रती गेल्या. खेळ तोच, वळणे तीच, मारिओही तोच! मग येथे खेळाने यंत्राला ओढले, की १५ कोटींवर घरांत गेलेल्या यंत्राने खेळाला खांद्यावर घेतले?

५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ आणि ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ एकाच दिवशी बाजारात आले. सप्टेंबरअखेर यंत्रे १ कोटीच्या वर आणि खेळाच्या प्रती ९५ लाखांच्या वर गेल्या. हे आकडे पाहून खेळाचा जयजयकार करण्यापूर्वी एक लक्षात घ्यावे, की पुष्कळ गिऱ्हाइकांना यंत्र व खेळ एकाच खोक्यात मिळाला. दुकानदाराने साडीबरोबर पिशवी दिली आणि संध्याकाळी ‘आज पिशव्या फार खपल्या’ असे सांगितले, तर आपण हसू.

आपल्याकडे मात्र गाडी उलट्या बाजूने आली. १९९० नंतरच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडावयाचा व्हिडिओ गेम होता, त्यांनी तो बहुधा नकली घेतला होता, आणि एकाच कॅसेटमध्ये मारिओ, कॉन्ट्रा आणि आणखी पुष्कळ काही भरलेले असे. स्वामित्वधनाचा प्रश्नच मिटला. अर्थात उचल देऊन यंत्र स्वस्त करणाराही कोणी उरला नाही. खरा लोंढा आला तो मोबाइलवर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले, २०१८ साली पब्जी आला, आणि मोबाइलच्या दुकानात ‘यावर पब्जी नीट चालतो काय?’ ही विचारणा सुरू झाली. पण दुकानात मुलगा फोन घेण्यासाठी आधीच आलेला होता. खेळाने फार तर दोन हजार जास्तीचा फोन त्याच्या गळ्यात घातला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पब्जीवर बंदी घातली, तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या, आणि त्याच फोनवर सकाळी गणिताचा तास चालत होता. खेळ गेला म्हणून तो फोन कोणी विकला नाही. टीव्हीला जोडलेल्या यंत्राच्या नशिबी असा गणिताचा तास नसतो.